छायाचित्रांची समस्यापूर्ति

छंद नाना प्रकारचे असतात. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी बाग करितो, कोणी पेटी वाजवितो. परंतु जें साधन आज बहुतेक प्रत्येक घरांत येऊन बसलें आहे, आणि तरीहि ज्याचा छंद म्हणून फारच थोडे लोक उपयोग करितात, असें साधन म्हणजे कॅमेरा होय. मोबाईलच्या पाठीवर बसविलेल्या वाटाण्याएवढ्या भिंगानें आपण रोज चित्रें घेतों: वाढदिवसाचीं, सहलीचीं, ताटांतील पदार्थांचीं, आणि सर्वांत अधिक म्हणजे स्वतःच्या तोंडाचीं. वर्षअखेर तीं हजारोंनीं मोजावीं लागतात; पण त्यांतील किती पुन्हा पाहिलीं जातात, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें. चित्रें वाढलीं, पाहणें मात्र कमी झालें, अशी ही स्थिति आहे. तिजवर एक साधा, बिनखर्ची आणि मनोरंजक उपाय आहे. त्याची माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

तो उपाय असा. वर्षाचे आठवडे बावन्न. प्रत्येक आठवड्यास एकेक शब्द अगोदरच नेमून ठेवावा. उदाहरणार्थ, ‘सांवली’, ‘दार’, ‘पाणी’, ‘हात’, ‘वाट पाहणें’. त्या सात दिवसांत त्या शब्दास साजेशीं चित्रें घ्यावीं, आणि आठवडा संपतांना त्यांतील एकच निवडून वहींत तारखेसह त्याची नोंद करावी. नियम दोनच: चित्र त्याच आठवड्यांत घेतलेलें असावें, जुन्या सांठ्यांतून उकरून काढलेलें नसावें, आणि तें एकच असावें. वर्षअखेर तुमच्यापाशीं बावन्नच चित्रें असतील. परंतु त्यांपैकीं प्रत्येक कां घेतलें व कसें घेतलें, हें तुम्हांस सांगतां येईल. जगांतील पुष्कळ देशांत हौशी लोक, कोणी एकटे तर कोणी मंडळें करून, हा उपक्रम चालवितात. शब्दांची यादी दुसऱ्या कोणी करून दिली तर अधिक चांगलें. कारण स्वतः यादी करणारा मनुष्य नकळत सोपे शब्द निवडतो.

आतां कोणी विचारील कीं, छंदास हें बंधन कशाला? ज्यास जें आवडेल त्याचें चित्र त्यानें घ्यावें! याचें उत्तर आपल्याच जुन्या वाङ्मयपरंपरेंत आहे. पूर्वीं राजसभेंत कवीची परीक्षा पाहावयाची असली म्हणजे त्यास श्लोकाचा एकच चरण देत, आणि उरलेले चरण रचून त्यानें अर्थ पुरा करावा असें सांगत. यास समस्यापूर्ति म्हणतात. दिलेला चरण कित्येकदां मुद्दाम विचित्र असे. परंतु त्या अडचणींतूनच कवीची कल्पना उसळी मारून वर येई. निबंधाच्या तासास हाच अनुभव येतो. ‘कोणत्याहि विषयावर लिहा’ असें गुरुजींनीं सांगितलें तर अर्धा वर्ग लेखणी चावीत बसतो. ‘आमच्या गल्लींतील पिंपळ’ असा विषय दिला कीं लेखण्या चालूं लागतात. कॅमेऱ्याचेंहि तसेंच आहे. सर्व जग समोर मोकळें असलें म्हणजे डोळा कोठेंच ठरत नाहीं. एक शब्द हातीं दिला म्हणजे मात्र तोच डोळा शोध करूं लागतो. हा शोध हाच या छंदाचा गाभा आहे. चित्र हें त्याचें फळ.

मुदत आठवड्याचीच कां, हेंहि सांगितलें पाहिजे. रोज एक चित्र घेण्याचा नेम कित्येक लोक करितात. परंतु अभ्यास, खेळ व घरचें काम सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यास तो लवकरच ओझ्यासारखा वाटूं लागतो. महिन्याची मुदत दिली तर पहिले तीन आठवडे विसरण्यांत जातात. आठवडा मात्र शाळेच्या वेळापत्रकाशीं जुळतो. सोमवारीं शब्द पाहावा, चार दिवस तो मनांत घोळूं द्यावा, शनिवारीं चित्रें घ्यावीं व रविवारीं निवड करावी. उपक्रमाचा आरंभहि जानेवारीपासूनच केला पाहिजे असें नाहीं. आपल्याकडे शाळा जूनमध्यें उघडतात. तेव्हां पहिल्या पावसाबरोबर पहिला शब्द घ्यावा हें आम्हांस अधिक सोयीचें. परीक्षेच्या आठवड्यांस ‘मेजावरील वस्तु’ यासारखे घरबसल्या साधणारे विषय नेमावे, म्हणजे नेमहि मोडत नाहीं व अभ्यासहि बुडत नाहीं.

एकाच विषयास चिकटून राहण्याची ही रीति छायाचित्रकलेच्या जन्मापासूनची आहे. ही कला १८३९ सालीं पॅरिस व लंडन या दोन नगरांत जगापुढें जाहीर झाली. तिच्या जनकांपैकीं विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट या इंग्रज गृहस्थानें १८४४ पासून ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा छायाचित्रांचा ग्रंथ भागाभागांनीं प्रसिद्ध केला. त्यांतील एका नामांकित चित्रांत राजवाडा नाहीं कीं राजा नाहीं. एक अर्धवट उघडें दार आहे, दारास टेकून ठेवलेला एक खराटा आहे, आणि त्या खराट्याची तिरपी सांवली आहे. इतर लोकांस जेथें विशेष असें कांहीं दिसत नाहीं, तेथें चित्रकाराची दृष्टि खिळते, अशा आशयाचा विचार टॉल्बटनें त्या चित्राबरोबर मांडला आहे. आपल्या मुंबईनेंहि ही कला लवकरच आपलीशी केली. येथें १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आणि सुप्रसिद्ध डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेचे सभासद व कुशल छायाचित्रकार होते. ते व्यवसायानें वैद्य होते. अर्थात् हौशी छायाचित्रकारांची परंपरा आपल्याकडेहि पावणेदोनशें वर्षांची जुनी आहे.

हौशी मनुष्य एका विषयाच्या पाठीस लागला म्हणजे काय करूं शकतो, याचें सर्वांत सुंदर उदाहरण अमेरिकेंतील व्हर्मांट संस्थानांतल्या जेरिको या गांवीं घडलें. विल्सन बेंट्ली हा तेथील एक शेतकरी. सूक्ष्मदर्शक यंत्रास कॅमेरा जोडून त्यानें १५ जानेवारी १८८५ रोजीं बर्फाच्या एका कणाचें छायाचित्र घेतलें, आणि पुढें आयुष्यभर तोच विषय धरून पांच हजारांहून अधिक चित्रें घेतलीं. त्यांपैकीं दोन हजारांवर चित्रांचा ग्रंथ त्याच्या मृत्यूच्या वर्षीं, म्हणजे १९३१ सालीं, प्रसिद्ध झाला. त्याच देशांतील एडवर्ड वेस्टन यानें एका साध्या ढोबळ्या मिरचीकडे इतक्या वेळां पाहिलें कीं, १९३० सालच्या त्याच्या जगप्रसिद्ध चित्राचें नांवच ‘मिरची क्रमांक ३०’ असें आहे. पहिल्या महायुद्धांत उजवा हात गमावलेला प्राग नगरांतील योसेफ सुदेक १९४० पासून १९५४ पर्यंत आपल्या चित्रशाळेच्या एकाच खिडकीचीं चित्रें घेत राहिला. काचेवरील दंव, बाहेरील वांकडें झाड, उंबऱ्यावरील पेला, एवढीच त्याची सामग्री. या तिघांस दूर देशीं प्रवास करावा लागला नाहीं. जवळचें नीट पाहावें लागलें, इतकेंच.

शोध करावयाचा तर साधनाचा धर्म थोडा समजला पाहिजे. छायाचित्र हें प्रकाशाचें माप आहे. नळाखालीं भांडें भरण्याची क्रिया डोळ्यांपुढें आणा. तोटी किती उघडली, किती वेळ उघडी ठेवली आणि भांडें केवढें, या तीन गोष्टींवर भांडें भरणें अवलंबून असतें. कॅमेऱ्यांतील भिंगाचें छिद्र ही तोटी. पडदा उघडा राहण्याचा काळ हा वेळ. आणि ज्या पृष्ठावर चित्र उमटतें त्याची संवेदनक्षमता वाढविणें म्हणजे लहान भांडें घेणें, कारण मग थोड्या प्रकाशानेंहि काम भागतें. छिद्राचे अंक २.८, ४, ५.६, ८ असे चढत जातात, आणि प्रत्येक पायरीस आंत येणारा प्रकाश निम्मा होतो. छिद्र मोठें ठेवलें तर मुख्य वस्तु स्पष्ट व मागील देखावा पुसट होतो. लहान ठेवलें तर जवळचें व दूरचें दोन्ही स्पष्ट दिसतें. पडद्याचा काळ सेकंदाचा हजारावा भाग असेल तर धांवणारा मुलगा जागच्याजागीं थिजलेला दिसतो. तोच काळ पाव सेकंद केला व कॅमेरा स्थिर ठेवला, तर नळाची धार रेशमाच्या लडीसारखी दिसते. संवेदनक्षमता फार वाढविली तर चित्रावर वाळूसारखे कण दिसूं लागतात. बहुतेक मोबाईलमध्यें छिद्र बदलतां येत नाहीं. परंतु पडद्यावर ज्या जागीं बोट टेकवावें ती जागा स्पष्ट करून घेण्याची, आणि चित्र उजळ किंवा गडद करण्याची सोय बहुतेकांत असते. आरंभीं एवढें पुरे.

आतां तीन शब्द घेऊन प्रत्यक्ष रीति पाहूं. पहिला शब्द ‘सांवली’. या शब्दानें आकाशाकडे लक्ष जातें. सकाळीं व सायंकाळीं सूर्य क्षितिजाजवळ असतो, तेव्हां सांवल्या लांब पडतात. सूर्य निम्म्या उंचीवर म्हणजे ४५ अंशांवर आला कीं सांवली वस्तूच्या उंचीइतकी होते. माध्यान्हीं ती पायाशीं गोळा होते. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्याच्या सुमारास आणि जुलैच्या अखेरीस असे दोन दिवस येतात कीं, त्या दिवशीं दुपारीं उभ्या काठीची सांवली क्षणभर नाहींशीच होते. यास ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. जुलैमधील दिवस बहुधा ढगांत जातो. ज्यास हा शब्द मिळाला तो मुलगा सात दिवस घड्याळाकडे व जमिनीकडे पाहतो. चौथ्या दिवशीं त्याच्या ध्यानांत येतें कीं, सायकलीपेक्षां सायकलीची सांवली अधिक रेखीव आहे, आणि जाळीच्या खिडकीनें सकाळीं आठ वाजतां ओट्यावर जी नक्षी काढली ती साडेआठास पुसली गेली. भूगोलाच्या पुस्तकांतील पृथ्वीचें फिरणें त्यानें घरांतल्या घरांत पाहिलें.

दुसरा शब्द ‘हात’. सोमवारीं जी कल्पना प्रथम सुचेल ती बहुधा सर्वांसच सुचलेली असते: जोडलेले हात, किंवा हातांत हात. ती लिहून ठेवावी आणि बाजूस सारावी. दुसरी, तिसरी, दहावी कल्पना सुचेपर्यंत कागदावर लिहीत जावें. मग आठवूं लागतें: भाकरी थापणाऱ्या आजीचे हात, सुईंत दोरा ओवणारे शिंप्याचे हात, प्रार्थनेची घंटा वाजविणाऱ्या शिपायाचे हात, पाटीवर पहिलें अक्षर गिरविणाऱ्या धाकट्या बहिणीची मूठ. आजीस खिडकीजवळ बसवावें, दिवा मालवावा, आणि उजेड एका बाजूनें येऊं द्यावा, म्हणजे हातावरील प्रत्येक सुरकुती बोलकी होते. समोरून पडणारा उजेड तीच सुरकुती पुसून टाकतो. येथें एक गोष्ट पालकांच्याहि लक्षांत आणून द्यावीशी वाटते. घरांत हजारों चित्रें असूनहि घरांतील वडील माणूस निवर्तल्यावर भिंतीवर लावण्यास त्याचें एक चांगलें चित्र सांपडत नाहीं. कोणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यांतून त्याचा चेहरा कापून मोठा करावा लागतो. असें कां व्हावें? तीं माणसें रोज समोर होतीं म्हणूनच कोणी त्यांच्याकडे पाहिलें नाहीं. ‘हात’ या एका शब्दानें जर एखाद्या मुलास आपल्या आजीपाशीं अर्धा तास बसविलें, आणि हातावरील भाजल्याचा डाग कधींचा हें विचारावयास लावलें, तर तो आठवडा सार्थकीं लागला असें समजावें. चित्र साधलें नाहीं तरीहि चालेल.

तिसरा शब्द ‘वाट पाहणें’. ही वस्तु नव्हे, हा भाव आहे, आणि भावाचें चित्र घेणें सर्वांत कठीण. येथें शब्दास साजेशी वस्तु शोधावी लागते. एस्. टी. च्या थांब्यावरील रिकामें बाक, दाराशीं ठेवलेल्या वडिलांच्या चपला, शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकाच्या गजांतून आंत पाहणारी आई, झांकून ठेवलेलें एकच ताट. यांपैकीं कांहींत मनुष्यहि नाहीं. तरीहि पाहणारास कळतें कीं कोणी तरी यावयाचें आहे. जें सांगावयाचें तें उघड न सांगतां सुचवावें, हा काव्यांतील ध्वनीचा नियम मुलांस अशा आठवड्यांत व्याख्या न शिकतां समजतो.

या मार्गावर अडचणी येतात, त्याहि सांगितल्या पाहिजेत. पहिले सात-आठ आठवडे उत्साह असतो. नंतर तो ओसरतो. घर तेंच, गल्ली तीच, नवें काय काढावें असें वाटूं लागतें. पुष्कळ लोक येथेंच थांबतात. वस्तुतः खरें शिक्षण येथूनच सुरू होतें, कारण सहज दिसणारें सर्व संपलेलें असतें, आणि आतां डोळ्यास खालीं वांकून, गच्चीवरून, पाठीमागून, अगदीं जवळून पाहावें लागतें. एखादा आठवडा साधलाच नाहीं तर जें मिळालें तेंच चित्र वहींत चिकटवावें आणि पुढें जावें. पान कोरें मात्र ठेवूं नये. सुमार चित्र हें पुढील चित्राचें खत आहे.

दुसरी अडचण निवडीची. चाळीस चित्रांतून एक निवडणें हें चाळीस घेण्याहून कठीण काम आहे. याकरितां चार-पांच मित्रांनीं मंडळ करावें व रविवारीं एकत्र बसून एकमेकांचीं चित्रें पाहावीं. प्रत्येकानें एक गुण व एक उणीव सांगावी. ‘छान आहे’ हा शब्द वर्ज्य मानावा, कारण त्यानें कोणी कांहीं शिकत नाहीं. किती अनोळखी लोकांनीं अंगठा उंचावून पसंति दर्शविली, हें माप तर मुळींच धरूं नये. लोकांस काय आवडेल याचा विचार करणारा डोळा लवकरच स्वतःचें पाहणें विसरतो.

तिसरी गोष्ट सभ्यतेची व सुरक्षिततेची. अनोळखी माणसाचें चित्र त्यास विचारल्यावांचून घेऊं नये. त्यानें मान हलवून नकार दिला तर हंसून नमस्कार करावा व पुढें जावें. कोणाच्या दुःखाचें किंवा दैन्याचें चित्र कुतूहल म्हणून घेणें हें हीनपणाचें आहे. दुसऱ्याचीं, विशेषतः लहान मुलांचीं चित्रें चारचौघांत पसरवूं नयेत; शिवाय मोबाईलमधील चित्राबरोबर तें घेतल्याचें ठिकाणहि नोंदलेलें असूं शकतें, हें ध्यानांत ठेवावें. आगगाडीचे रूळ, धबधब्याचा कांठ, किल्ल्याचा कडा येथें चित्राच्या नादांत तरुणांचे प्राण गेल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतों. कोणतेंहि चित्र एका पावलाच्या चुकीइतकें मोलाचें नाहीं. पक्ष्यांच्या घरट्यांस हात लावूं नये, हें तर सांगावयासच नको.

खर्चाविषयीं पालकांनीं चिंता करूं नये. या छंदास नवा कॅमेरा लागत नाहीं. घरांतील मोबाईल शनिवारीं तासभर मुलाच्या हातीं दिला तरी पुरे, आणि मुदत ठरलेली असल्यामुळें तो हातांत रेंगाळत नाहीं. बावन्न चित्रें कागदावर छापून एका वहींत लावावीं व प्रत्येकाखालीं तारीख, ठिकाण आणि दोन ओळी लिहाव्या. यंत्रांतील चित्रें यंत्र बिघडलें कीं जातात. म्हणून त्यांची एक प्रत अन्यत्रहि ठेवावी. वहीवर मात्र कोणी पासवर्ड घालीत नाहीं; ती घरांतील सर्वांस उघडतां येते, आणि तीस वर्षांनींहि उघडतां येईल.

विद्यार्थिमित्रहो, बावन्न आठवड्यांनंतर तुम्हांपैकीं कोणी थोर छायाचित्रकार होईल कीं नाहीं, हें कोणास सांगतां येणार नाहीं. परंतु जो मुलगा किंवा मुलगी वर्षभर दर आठवड्यास एका शब्दाचा शोध घेत आपल्याच घरांत, गल्लींत व शाळेंत हिंडेल, त्यास घरांतील माणसें, भिंतीवरील ऊन आणि रस्त्यावरील श्रम पूर्वींहून अधिक स्पष्ट दिसूं लागतील. दृष्टि ही ईश्वराची देणगी आहे. पाहणें मात्र ज्याचें त्यानें शिकावें लागतें. पहिला शब्द हवा असेल तर आम्हीच देतों: ‘उंबरठा’. येत्या सोमवारपासून मुदत सुरू झाली असें समजा.